वर्ग वाढवावा, कारण

सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझे वडील, अण्णा, चांगले जिवंत होते. समोरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होते. मी दार उघडलं तर बाहेर एक उंच, वाळका माणूस उभा. पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि हातावर घडी घातलेली सोलापुरी चादर. मला वाटलं, चादरी विकणारा आहे. मी "नको" म्हणणार एवढ्यात तो मान खाली घालून म्हणाला, "तेरावं झालं असेल ना? म्हणून आज आलो. आधी येणं बरं दिसत नाही."

"कुणाचं तेरावं?"

"घरातल्या आजोबांचं."

आतून अण्णा ओरडले, "कोण आहे गं?"

दुसरा कुणी असता तर ओशाळून जिना उतरला असता. या माणसाने खिशातली चिठ्ठी काढून नीट वाचली. चूक बिल्डिंगची होती. जुळे सोलापुरात एकाच देवाच्या नावाच्या चार-चार बिल्डिंगा आहेत, टपालवालाही चुकतो. "चुकलं खरं," तो म्हणाला, "पण आलोच आहे तर पाणी मिळेल का?"

अण्णांना माणसं लागायची. पाण्याचा चहा झाला. चहावर कळलं की हे सर शुक्रवार पेठेत शाळा सुटलेल्या पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवतात, आणि त्यासाठी गेलेल्या माणसांचे कॉम्प्युटर त्यांच्या घरून मागून आणतात. अण्णांना भारी गंमत वाटली. "मग माझा नंबर आत्ताच लावून ठेवा की!"

"नंबर लावावा लागत नाही," सर गंभीरपणे म्हणाले. मग कॉम्प्युटरकडे बघत त्यांनी विचारलं, "यात काही अपुरं आहे का?"

अण्णांचं हसू तिथल्या तिथे थांबलं. "आहे एक पत्र," ते म्हणाले.

"लिहून टाका सावकाश. नाही झालं तर आम्ही आहोत." कप बशीत पालथा घालून सर उठले. "येतो."

पुढच्या महिन्यात अण्णा दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. चौदाव्या दिवशी बेल वाजली. दारात सर, हातावर तीच चादर. मला राग यायला हवा होता. पण दोन आठवडे घरात सगळे मला धीर देत होते आणि अण्णांच्या वस्तूंकडे कुणी बघतही नव्हतं. हा माणूस सरळ त्यांच्या खुर्चीशी गेला, कॉम्प्युटरला हात जोडले आणि वायरी सोडवू लागला. सीपीयू चादरीत गुंडाळून त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर उभा बांधला. मी गॅलरीतून बघत होते. कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी ते उतरले, सायकल हाताने हळूच पलीकडे नेली आणि मागे वळून म्हणाले, "सावकाश, अण्णा."

दीड महिन्याने अकलूजहून शकूआत्या आली. अण्णांची ही धाकटी बहीण. आजीच्या तांब्याच्या हंड्यावरून दोघांचं बिनसलं होतं आणि कितीतरी वर्षं अबोला होता. दहाव्यालाही ती आली नव्हती. आता दारात उभी होती, काखेत तो हंडा आणि हातात पाकीट.

"दादाचं पत्र आलंय," ती म्हणाली. "तारीख बघ की गं."

तारीख मागच्या आठवड्यातली होती. टाईप केलेलं पत्र. "चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद. त्या हंड्याबद्दल" इथपर्यंत अण्णांची धाटणी मला ओळखू आली. पुढे लिहिलं होतं, "आता काही नाही, शकुडे. तू ये." आत्या पायरीवर बसून रडली. मी तिला घरात घेतलं, हंडा देव्हाऱ्याजवळ ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून शुक्रवार पेठ गाठली. त्या माणसाची हजेरी घ्यायची असं ठरवूनच गेले होते.

वर्ग एका बंद पडलेल्या सुताच्या दुकानाच्या माडीवर होता. जिन्यावर पाटी, "चपला बाहेर काढाव्यात, इति." पाण्याच्या माठावर, "झाकण ठेवावे, इति." सर काहीही लिहिलं की शेवटी इति लिहायचे, किराणा मालाच्या यादीतसुद्धा. वर भिंतीच्या कडेने टेबलांची रांग, प्रत्येकावर एक कॉम्प्युटर, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव. जोशी काकू. टेलर मामा. हेडमास्तर. रांगेच्या टोकाला एक टेबल रिकामंच, पण पुसून लख्ख, पुढ्यात स्टूल. त्याच्या अलीकडचं आमच्या अण्णांचं. तिथे चौदा-पंधरा वर्षांची एक काटकुळी पोरगी बसली होती.

"तुमी अण्णांची पोरगी व्हय?" तिने विचारलं. "मी कोमल. मी अण्णांकडं बसते."

ते पत्र तिनेच पुरं केलं होतं. सरांचा रिवाजच होता तो. आणलेलं यंत्र कोरं करायचं नाही. ज्याचं यंत्र, त्याचं काहीतरी अर्धवट राहिलेलं असतंच. कुणाचा पेन्शनचा अर्ज, कुणाची पाककृती, कुणाचा नळाला पाणी येत नाही म्हणून महापालिकेला तक्रारअर्ज. यंत्रावर बसणाऱ्या पोराने पहिल्यांदा ते पुरं करायचं, आणि जिथे जायचं तिथे पाठवायचं. त्यातच टायपिंग, त्यातच फायली, त्यातच प्रिंटर. "कोऱ्या यंत्रावर पोरं गेम खेळतात," सर म्हणायचे. "माणसाच्या यंत्रावर नीट बसतात."

मी सरांना खूप बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बहीण आली ना?"

जाताना मी कोमलला विचारलं, "शकुडे हे तुला कुठे सापडलं?" अण्णा आत्याला लहानपणी शकुडे म्हणायचे. ही मलाच कशीबशी आठवणारी गोष्ट, अबोला धरल्यापासून ते नाव घरात निघालंच नव्हतं.

"कुटं न्हाय," कोमल म्हणाली. "तसंच आलं की हातातून."

पुढे मी अण्णांच्या सगळ्या फायली उघडून पाहिल्या. ते नाव कुठेच नाही. मी विम्याच्या ऑफिसात काम करते; मेलेल्या माणसांच्या कागदांवर माझं पोट चालतं, आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या शोधाच्या निमित्ताने मी दर शनिवारी-रविवारी त्या माडीवर जाऊ लागले, पोरांना एक्सेल शिकवू लागले आणि तिथलीच होऊन गेले.

देणगी मागायची सरांची तऱ्हा आधी मला लाजिरवाणी वाटायची, मग सवयीची झाली. पैसे कुणी देऊ केले तर घ्यायचे नाहीत. "पैशाला नाव नसतं," म्हणायचे. माडीचं भाडं आणि लाईटबिल ज्यांच्या घरची यंत्रं होती ती माणसं परस्पर भागवायची. वर्षातून एका रविवारी ही सगळी माणसं यायची, आपापल्या माणसाच्या टेबलाशी बसायची, पोरं पुरं केलेलं काम दाखवायची. कुणी गेलेल्याच्या आवडीचं करून आणायचं. जोशी काकूंची सून दरवर्षी शेंगाचटणी आणायची आणि पहिला घास कीबोर्डाशेजारी ठेवायची. सर तो घास तिथे बसणाऱ्या पोराला खायला लावायचे.

पेठेत मात्र सरांची वेगळीच ख्याती होती. त्यांची सायकल गल्लीत शिरली की ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना सुना आत घ्यायच्या. त्याला कारण ते रिकामं टेबल. एखादं यंत्र आलं की ते त्या टेबलावर बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेच्या टोकाला सर नवं टेबल मांडायचे, पुसायचे, पुढ्यात स्टूल ठेवायचे. "टेबल मोकळं असलं म्हणजे येतं," म्हणायचे. पोरं खालच्या आवाजात वेगळं सांगायची. सरांनी टेबल मांडलं की कुणीतरी जातं.

आणि त्यांचं ते 'वाढवणं'. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, दुकान बंद करत नाहीत, बायकांच्या बांगड्या फुटत नाहीत. सगळं आपलं वाढतं. हे सगळेच पाळतात, पण सरांनी 'बंद' हा शब्दच तोंडातून काढून टाकला होता. नळ वाढवा. पंखा वाढवा. यंत्र वाढवा. सहा वाजले की टाळी वाजवायचे, "चला, वर्ग वाढवू." नवीन पोरगं आलं की हमखास घोटाळा व्हायचा. सर म्हणायचे, "यंत्र वाढव," आणि ते बिचारं आवाज वाढवायचं. टेलर मामांच्या यंत्रातली लावणी सगळ्या पेठेला ऐकू जायची. मग कोमल जाऊन त्याला टपली मारून सांगायची, "आरं, वाढव म्हंजी बंद कर. सरांकडं वाढवायचं म्हंजी एवढंच."

मीसुद्धा घरी गॅस वाढवते म्हणू लागले होते.

उन्हाळ्यात दुपारी लाईट जायची. पंखे थांबायचे, पडदे काळे व्हायचे, माडीवर भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. पण कुणी उठायचं नाही. पोरं टेबलाला हात लावून गप्प बसून राहायची, आणि इतकी पोरं असूनही खालच्या गल्लीतल्या सायकलीची साखळी ऐकू यायची. लाईट आली की सगळी यंत्रं आपोआप सुरू व्हायची. सरांनी तशी सोय करून ठेवली होती. एकेक करून पडदे उजळायचे. टबात बसलेला कुणाचा नातू, कुणाची गाय, कुणाचं लग्न, ज्याने त्याने लावून ठेवलेले फोटो. सर रांगेवरून नजर फिरवायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आले सगळे." मग हजेरी घ्यायचे. पोरांच्या नावाने नाही, यंत्रांच्या. "जोशी काकू." तिथे बसलेलं पोरगं म्हणायचं, "हजर, सर." "हेडमास्तर." "हजर, सर." "अण्णा." आणि कोमल "हजर, सर" म्हणायची. पहिल्या वेळी ते ऐकून मी जिन्यात जाऊन उभी राहिले होते.

हजेरीला सगळ्यात मोठ्याने ओरडायचा तो इरफान. हेडमास्तरांकडे बसायचा. तारा चोरताना सापडलेला पोरगा, पोलिसचौकीतून सरच त्याला घेऊन आले होते. तो शिकला आणि कॅमेरे बसवायच्या कामाला लागला. पहिल्या कमाईतून त्याने जुना लॅपटॉप घेतला आणि दाखवायला वर्गात आणला. चालू केला की त्यातून इरफानचाच आवाज यायचा, "हजर, सर!" पोरं पोट धरून हसली. सर इतके हसताना मी तेव्हाच पाहिले. "एवढं एक यंत्र मी न मागता आलं," ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

त्या पावसाळ्यात विजापूर रोडला इरफानची गाडी घसरली.

चाळिसावा झाल्यावर त्याची आई माडीवर आली. सर उभे राहिले. तिने पदराखालून लॅपटॉप काढला आणि त्या टोकाच्या मोकळ्या टेबलावर ठेवला.

"तुम्हीच बोले थे ना सर," ती म्हणाली, "जानेवाले का सामान इधरीच लाना करके. ये लाई मैं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ऐकलेला रिवाज तिने पाळला होता, एवढंच. सरांनी आपली चादर उचलली, लॅपटॉपवर पांघरली आणि तो तसाच गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चिकटपट्टीवर नाव लिहिलं नाही. टोकाचं टेबल भिंतीला उलटं टेकवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नवं मांडलं नाही. रांग पहिल्यांदाच मोकळ्या टेबलावाचून राहिली.

चार-आठ दिवसांनी दुपारी लाईट गेली आणि बऱ्याच वेळाने आली. पडदे उजळले. सर "आले सगळे" म्हणाले, पण आवाज पडलेला होता. हजेरी सुरू झाली. जोशी काकू हजर. टेलर मामा हजर. "हेडमास्तर," सर म्हणाले. तिथे बसणारं नवीन पोरगं त्या दिवशी आलं नव्हतं. खुर्ची रिकामी होती.

कपाटातून आवाज आला, "हजर, सर!"

बॅटरी असेल, आपोआप चालू व्हायची वेळ लावून ठेवलेली असेल, झाकण नीट मिटलं नसेल. मी तेव्हापासून तीन जाणकारांना विचारलं आहे आणि तिघांनी तीन कारणं सांगितली आहेत. पोरं हललीही नाहीत. सरांनी हजेरीची वही मिटली, खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळ्यांवर हात धरला. सहा वाजेपर्यंत तसेच बसून होते.

त्या दिवसापासून सर मागायला जाईनात. घरांतून निरोप यायचे, "वडील गेले, यंत्र घेऊन जा." सर सांगायचे, "राहू द्या घरातच." एकदा मी आवरत असताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, आता हे वाढवायला पाहिजे."

त्यांचं वाढवणं मला ठाऊक होतं. "का, सर?"

"टेबल मीच मांडतो ना," ते म्हणाले आणि माठावरचं झाकण नीट करायला गेले.

मी कोमलकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. ती आता अठरा वर्षांची होती, नव्या पोरांना तीच शिकवायची. सांगोल्याकडे माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातली ही पोरगी, लग्न ठरवलं म्हणून पळून शहरात आलेली. चुलत्याने शेवटी एका अटीवर माघार घेतली होती. "त्यो वर्ग हाय तवर ऱ्हा. वर्ग सुटला की गावाकडं." आणि गावाकडं म्हणजे तोच नवरा, तो अजून थांबलेला होता. सरांना हे माहीत होतं. म्हणूनच बहुधा ते नुसते 'वाढवायला पाहिजे' म्हणत राहिले आणि वाढवत नव्हते.

मार्चमधल्या एका दुपारी लाईट गेली. सर खुर्चीत बसले होते. अर्ध्या तासाने लाईट आली, सगळे पडदे उजळले, आणि आम्ही वाट बघत राहिलो. सर "आले सगळे" म्हणाले नाहीत. मी जवळ गेले तेव्हा हात गार होता, एवढ्या उन्हाळ्यात.

माणसं आली, धावपळ झाली, त्यांना खाली नेलं. मी परत माडीवर आले तेव्हा रांगेच्या टोकाला एक टेबल दिसलं. पुसलेलं, पुढ्यात स्टूल.

"हे कुणी मांडलं?"

"मी," कोमल म्हणाली. ती रडत होती.

"आत्ता?"

"न्हाय. सकाळी. उलटं टेकवल्यालं बरं दिसंना म्हणून." मग माझ्याकडे बघून घाबरून म्हणाली, "मॅडम, मी मुद्दाम न्हाय केलं." मी तिला जवळ घेतलं आणि वेडी आहेस का म्हटलं. पण मीही त्या टेबलाकडे पाठ करूनच उभी राहिले होते.

सरांना घरचं कुणी नव्हतं. तेरावं आम्हीच केलं, आणि चौदाव्या दिवशी त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर कोमलने चादरीत गुंडाळून त्या टेबलावर आणून ठेवला. पडद्यावर एकच फाईल होती. आत दीड वाक्य.

"माझ्या मागे हा वर्ग वाढवावा. कारण"

पुढे काही नाही. इतिसुद्धा नाही. सरांनी लिहिलेलं बिनइतीचं असं मी एवढंच पाहिलं.

वर्गाचं काय करायचं हे ठरवायला त्याच रविवारी सगळी घरं जमली. पुण्याच्या एका कंपनीचा देणग्या बघणारा तरुण अधिकारीही आला होता. हा दोन वर्षं सरांच्या मागे होता. नवी जागा देतो, तीस नवे लॅपटॉप देतो, शिकवणाऱ्यांना पगार देतो. सर त्याला दरवेळी चहा पाजून परत पाठवायचे, "नव्या यंत्रात माणूस नसतो हो." त्याने ती फाईल वाचली आणि त्याचा चेहरा फुलला. "बघा! वर्ग वाढवावा. सरांचं व्हिजन किती क्लिअर होतं! वी विल स्केल इट." जोशी काकूंच्या सुनेने डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाढवावा म्हणजे वाढवावाच, दुसरा अर्थ या चांगल्या माणसांच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

त्या माडीवर तो शब्द कसा चालतो हे नेहमी ऐकलेल्या, जमलेल्यांत आम्ही दोघीच होतो. कोमल पाण्याचा तांब्या हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर वर्ग त्या दिवशी मिटला असता, ती महिन्याभरात सासरी गेली असती, आणि अण्णांचा कॉम्प्युटर कुणीतरी कोरा करून भंगारात दिला असता. हे दुसरं कारणही होतं, मी खोटं बोलणार नाही.

"होय," मी म्हणाले. "सर नेहमी म्हणायचे, वाढवायला पाहिजे."

शब्द खरे होते. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नवी जागा ठरली, करार व्हायचा होता. आदल्या शनिवारी मी माडीवर गेले तर कोमल सरांच्या यंत्राशी बसलेली. पोरं कुणी नव्हती, आम्ही दोघीच. "मॅडम, सरांचं अपुरं कुणीतरी पुरं करायला पायजे की," ती म्हणाली. "रिवाज हाय. मी लिवनार होते, 'कारण पोरं लई हायत.' एवढंच. पण बघा काय आलं."

मी वाकून वाचलं.

"माझ्या मागे हा वर्ग वाढवावा. कारण मी टेबल मांडत गेलो आणि यंत्रं येतात असं समजलो. माणसं जातात हे इरफानच्या आईने दाखवलं. मोकळं टेबल ठेवू नये. इति."

"तू लिहिलंस हे?"

"हात माजाच हुता."

ही भाषा तिची नव्हती. पण चार वर्षं सरांच्या हाताखाली काढलेल्या पोरीला सरांसारखं लिहिता येऊ नये असंही नाही. मी स्वतःला हेच सांगितलं. खाली कुणीतरी सायकल लावली, घंटी वाजली, आणि आम्ही दोघी दचकलो.

"पुसू?" तिने विचारलं.

त्या माडीवर गेलेल्या माणसाचं एक अक्षर कधी पुसलं गेलं नव्हतं. मला सरांचा डोळ्यांवर हात धरलेला चेहरा दिसत होता. आणि समोर ही पोरगी, जिची सगळी जिंदगी त्या एका शब्दाच्या चुकीवर उभी होती.

"पूस," मी म्हणाले.

तिने 'कारण'पर्यंत पुसलं. पुढे लिहिलं, "पोरं लई हायत. इति." ते तसंच, तिच्या बोलीत, नव्या जागेच्या फलकावर सरांच्या फोटोखाली छापलेलं आहे. अधिकाऱ्याला ते फार आवडलं.

आता तिथे तीस नवे लॅपटॉप आहेत. पोरांची गर्दी आहे, आणि ती खरोखरच शिकतात, याचा मला मनापासून आनंद आहे. चुलता गप्प बसला आहे. कोमलला पगार आहे. जुनी यंत्रं मागच्या खोलीत एका रांगेत मांडली आहेत, सरांचं शेवटी. त्याच्या पलीकडे एक टेबल असतं. पुसलेलं, पुढ्यात स्टूल. मी कोमलला विचारलं तर म्हणाली, "कुणासाठी न्हाय, मॅडम. एक मोकळं असावं."

मागच्या रविवारी ती माझ्याकडे आली. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर ती माझ्या टेबलाशी उभी होती आणि माझ्या लॅपटॉपवर हात ठेवून होती.

"मॅडम, किती वर्सांचा झाला ह्यो?"

"झाली असतील सात-आठ. चालतोय अजून."

"काय अपुरं हाय का ह्यात?"

कपातला चहा बशीत सांडला. "आहे," मी म्हणाले. "सरांवर लिहायला घेतलंय."

तिचे डोळे भरून आले. तिने माझ्या हातातला कप घेतला, मला खुर्चीत बसवलं आणि पोटच्या पोरीच्या मायेने म्हणाली, "लिवा की सावकाश. न्हाय झालं तर मी हाय."

म्हणून हे आज बसून, एका बैठकीत, माझ्या हाताने पुरं केलं. सरांचा शब्द मी फिरवला, तोही इथे लिहून ठेवला. आता यात माझं काही अपुरं नाही, इति. दुपारचे साडेतीन झालेत, लाईट जायची वेळ झाली. वाढवते.